निळी घंटा दिसली की ॲप ‘कॅम्पॅन्युला’ म्हणतं: दरवर्षीचा घोळ आणि तो कसा सोडवायचा

गणपती गेले की साताऱ्यात दोन गोष्टी ठरलेल्या. रविवारी बोगद्यापासून यवतेश्वर घाटापर्यंत गाड्यांची रांग आणि सोमवारी माझ्या फोनवर फुलांचे फोटो. फोटोखालचा मजकूरही ठरलेला: ‘कासला बेलफ्लॉवर सापडलं! ॲप म्हणतंय कॅम्पॅन्युला. खरं का?’

शाहूपुरीतली आत्या पाठवते, ऑफिसातले लोक पाठवतात, जतहून मावसभाऊ पाठवतो. तो तर कासला गेलेलाही नसतो, बांधावरून पाठवतो. मी पंधरा-सोळा पावसाळे या पठारावर काढले. आजवर रानात उगवलेली कॅम्पॅन्युला, म्हणजे इंग्रजीतलं बेलफ्लॉवर, मला तिथं एकदाही दिसलेली नाही. मग फोटोवरून फुलं ओळखणाऱ्या ॲपला हे नाव सुचतं कुठून? दरवर्षी प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी फोनमधली गडबड

बहुतेकांचा घोळ फुलात नसतो, फोटो फिरण्याच्या वाटेत असतो. कासला तुम्ही फोटो काढता. लोकेशन चालू असेल तर जागा त्या फोटोच्या पोटात नोंदली जाते. तो फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकता, तिथून कुणीतरी उतरवून घेतो आणि ॲपला दाखवतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून गेलेल्या चित्रातली जागेची नोंद गळून पडते. ॲपसमोर उरतं नुसतं निळं, पाच पाकळ्यांचं, घंटेच्या आकाराचं फूल. ते सातारचं की स्कॉटलंडचं, त्याला काय माहीत? अशा ॲपांनी शिकताना युरोप-अमेरिकेतले फोटो ढिगाने पाहिलेले असतात आणि तिकडे निळी घंटा म्हटलं की कॅम्पॅन्युला हेच पहिलं नाव. ते ठोकून देतं.

उपाय सोपा आहे. ज्याच्या फोनवर फोटो काढला त्यानंच ॲपला दाखवायचा आणि ॲपनं ठिकाण विचारलं तर द्यायचं. दुसऱ्याला पाठवायचाच असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा, म्हणजे नोंद शाबूत राहते. एवढं केल्यावर निम्म्याहून जास्त कॅम्पॅन्युला आपोआप गायब होतात, हा माझा गेल्या दोन-तीन हंगामांचा अनुभव.

दुसरी गडबड रंगाची. धुक्यात, ढगाळ उजेडात माझा फोन जांभळ्याला सरळ निळं करून टाकतो. कारवीचं फूल डोळ्यांना जांभळट दिसत असतं आणि पडद्यावर आकाशी. त्यामुळं रंगावर विसंबायचंच नाही.

तिसरी नावाची. ‘घंटाफूल’, ‘घंटीफूल’ हे मराठीत कुणा एका झाडाचं नाव नाही. आमच्या कॉलनीत घंटीफूल म्हणजे कुंपणावरची पिवळी टिकोमा. दुसरीकडे आणखी काही असेल. शिवाय कॅम्पॅन्युला या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘छोटी घंटा’ एवढाच. म्हणजे आकार पाहून ठेवलेलं नाव आपण पुन्हा आकार पाहूनच दुसऱ्या फुलाला चिकटवतो.

खरी घंटा कशी असते

कॅम्पॅन्युलाच्या चारशेच्या वर जाती आहेत. बहुतेक उत्तर गोलार्धातल्या थंड आणि समशीतोष्ण मुलखातल्या, भूमध्य समुद्राभोवती तर रेलचेल. आपल्याकडे हिमालयात त्या भेटतात. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांतही एक जात आहे, कॅम्पॅन्युला अल्फॉन्साय.

मी खरी पाहिली ती उत्तराखंडात, ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये, ऑगस्टच्या पावसात. जंगलाच्या कडेला, ओलसर सावलीत कमरेच्या वर गेलेलं झाड. पानं रुंद आणि दातेरी, जवळजवळ आगकाडेच्या पानासारखी. ही कॅम्पॅन्युला लॅटिफोलिया. फूल चांगलं मोठं, आणि वाकून आत पाहिल्यावर मला वाटलं फूल खराब झालंय. पुंकेसर तळाशी सुकून तपकिरी दोऱ्यांसारखे पडलेले, मधोमध एकटी जाड दांडी उभी, देवळातल्या घंटेच्या लोलकासारखी. खराब काही नव्हतं, या फुलांची रीतच तशी. कळी मिटलेली असतानाच परागकोश फुटतात आणि मधल्या दांडीवरच्या बारीक केसांवर सगळे पराग थापून ठेवतात. फूल उमलेपर्यंत पुंकेसरांचं काम संपलेलं असतं. मधमाशी येते ती त्या दांडीला घासून पराग नेते. ते गेल्यावर दांडीचं टोक फाटतं आणि त्याचे बहुधा तीन वळलेले आकडे होतात. ती कुक्षी. आता हेच फूल दुसऱ्याचे पराग घ्यायला तयार.

म्हणून कुणी ‘कॅम्पॅन्युला’ म्हणून फोटो पाठवला की मी आधी फुलाच्या आत पाहतो. पुंकेसर ताजे, पिवळेधमक आणि ऐटीत उभे दिसले की माझा संशय तिथंच बळावतो.

प्रत्येक जातीची आपली जागा ठरलेली असते. लॅटिफोलिया सावलीतली, ओढ्याकाठची. युरोपातली हेअरबेल, म्हणजे कॅम्पॅन्युला रोटुंडिफोलिया, नेमकी उलट: कोरड्या, निकस गवताळ माळावर, कड्याच्या फटीत, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर. तिच्या नावातच ‘गोल पानांची’ आहे, पण फुलाच्या वेळी बघायला गेलात तर दांड्यावर गवतासारखी अरुंद पानं दिसतात. गोल पानं बुडाशी असतात आणि फुलं येईपर्यंत बहुधा वाळून जातात. ग्लोमेराटा ही गुच्छाची जात चुनखडीच्या माळांवर खूश असते. आणि रॅपनक्युलॉइड्स ही तर उत्तर अमेरिकेतल्या बागांत शिरलेली चिवट तण आहे, मुळांचा तुकडा राहिला तरी परत उगवते. आपल्या हरळीची बहीण शोभावी.

आता आपल्या फुलाची तपासणी

इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण लोक फोटो काढतात तो समोरून. समोरून काढलेल्या फोटोत घंटा दिसते, ओळख दिसत नाही. चार फोटो हवेत: झाड ज्या जागेत उभं आहे ती जागा, पूर्ण झाड, दांड्यावर पानं कशी लागली आहेत ते, आणि फूल बाजूनं. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलंत तर उत्तम. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून फुलाचा आकार कळतो. फूल तोडायचं नाही, कासला तशी परवानगीही नाही. खाली पडलेलं मिळालं तर ते उलटंपालटं करून बघा.

पानं पहिल्यांदा बघा. कॅम्पॅन्युलाची पानं दांड्यावर एकाआड एक लागतात. आपल्याकडच्या फसव्या मंडळींत दोन मोठी नावं इथंच बाद होतात. कारवीची पानं समोरासमोर जोडीनं असतात, मोठी, खरखरीत आणि शिरा उठलेली. चिराईताचीही समोरासमोर, आणि त्याच्या जांभळ्या फुलाला पाकळ्या चार. चिराईताच्या मधले पिवळे, फुगीर, किंचित वाकलेले परागकोश एकदा पाहिलेत की विसरणार नाही. गेल्या वर्षी मी कुणाला तरी हेच फोनवर समजावत पठारावर उभा होतो, तर वाट दाखवणारे कासाणीचे एक मामा शेजारून म्हणाले, ‘‘ओ सायेब, घंटा-बिंटा काय नाय. चिराईत हाय ती. पाला चावून बघा, जीभ बोलंल.’’ (तुम्ही चावू नका. अनोळखी झाडाच्या बाबतीत तर अजिबात नको.)

मग पाकळ्या मोजा. सहा असतील तर विषय संपला. पावसाच्या सुरुवातीला गवतातून दांडा काढून पांढऱ्या घंटा खाली झुकवणारी दीपकाडी हुबेहूब घंटा दिसते, आकारात तर कॅम्पॅन्युलालाही लाजवेल. पण तिला पाकळ्या सहा, पुंकेसर सहा, पानं लांब पट्ट्यासारखी आणि जमिनीखाली कांदा. ती कांद्याच्या बाजूची, या घराण्याची नाहीच.

पाच पाकळ्या, पानं एकाआड एक, असं निघालं तर खरी परीक्षा सुरू होते: बीजकोश कुठं आहे? शब्द जड आहे, गोष्ट परसातली आहे. काकडीच्या वेलावरचं मादी फूल आठवा. फुलाच्या खाली, देठाकडे, बोटाएवढी इवलीशी काकडी आधीच लागलेली असते. तोच बीजकोश, आणि तो फुलाच्या खाली आहे. पेरूचंही तसंच, म्हणून पेरूच्या बुडाला ती वाळलेली टोपी राहते. आता वांगं घ्या. हिरवं टोपरं देठाकडे आणि वांगं त्याच्या आतून बाहेर आलेलं. तिथं बीजकोश वर आहे. कॅम्पॅन्युला काकडीच्या बाजूची: पाच हिरव्या पात्या घंटेला चिकटून आणि त्यांच्या खाली बीजकोशाचा फुगवटा. बाजूनं फोटो काढला की हे स्पष्ट दिसतं. हिरव्या पात्यांखाली थेट सडपातळ देठच असेल तर कॅम्पॅन्युला नाही.

या एका खुणेवर जतच्या मावसभावाचा प्रश्न सुटला. त्यानं पाठवलेली फिकट गुलाबी, केसाळ, पानाच्या बेचक्यातून खाली लोंबणारी घंटा तिळाची होती. त्याच्या स्वतःच्या रानातल्या तिळाची! पेरणी त्यानंच केलेली. ‘‘दादा, ॲपनं एवढं झ्याक नाव दिलं, म्हटलं काहीतरी नवीन उगवलं असंल,’’ हे त्याचं स्पष्टीकरण. तिळाचं फूल आतून पाहिलं तर पुंकेसर चार, आणि बीजकोश हिरव्या पात्यांच्या वर. पुढं त्याचंच बोंड होतं, हे त्याला मी सांगायचं म्हणजे कमाल झाली.

चिकाची परीक्षा लोकांना फार आवडते: पान तोडा, दूध आलं की कॅम्पॅन्युला. या घराण्यात पांढरा चीक असतो हे खरं, पण त्यावर शिक्का मारू नका. गारवेलीच्या जातीतल्या वेलांनाही चीक असतो, त्यांची पानंही एकाआड एक आणि फुलंही निळीजांभळी. ओढ्याकाठच्या बेशरमीचं पान तोडून बघा, दूध येतं. फरक कळीत आहे. गारवेलीची कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते आणि उमललेल्या फुलावर त्या घड्यांच्या रेषा राहतात. शिवाय बीजकोश वांग्यासारखा, वर.

आणि फुलाला मागं शेपटी असेल, म्हणजे मधाची नळी मागं निघालेली असेल, तर एवढं काही करायची गरज नाही. तेरडा, सीतेची आसवे ही सगळी शेपटीवाली मंडळी. कॅम्पॅन्युलाला शेपटी नसते.

फुलाआधी जागा

मी स्वतः आता फूल बघण्याआधी पायाखाली बघतो. कास साताऱ्यापासून २५ किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर. वर जांभ्याचा सडा, त्यावर कुठं बोटभर तर कुठं वीतभर माती. पावसाळ्यात पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. या दोन टोकांमध्ये तग धरणारीच झाडं इथं आहेत, तरीही साडेआठशेच्या वर फुलझाडांच्या जाती नोंदल्या गेल्यात. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात कासही आहे.

लांबून सगळं पठार सारखं दिसतं, पण ते सारखं नाही. उघड्या कातळावर पाणी झिरपतं तिथं सीतेची आसवे आणि गेंद. ही जागा निकस, म्हणून आसवे पाण्यातले किडे पकडून पोट भरतात. साचलेल्या डबक्यांत वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. माती जरा धरली आहे तिथं तेरडा आणि सोनकी, त्यांचेच ते गुलाबी-पिवळे गालिचे. सड्यावर टोपलीसारखे गोल झुडपांचे पुंजके दिसले तर टोपली कारवी. आणि पठाराची कड ओलांडून उतारावर गेलात, जिथं माती खोल आहे, तिथं पुरुषभर उंचीची मोठी कारवी. दोघीही सात-आठ वर्षांनी एकदम फुलणाऱ्या. म्हणून ‘मागच्या वर्षी तर इथं काहीच नव्हतं, यंदा सगळा डोंगर निळा!’ असा संदेश आला की मी फोटो न उघडताच कारवी म्हणतो. अजून तरी चुकलेलो नाही.

म्हणजे फोटोसोबत ‘कास’ एवढंच लिहू नका. कातळावर, डबक्यात, गवतात, कडेला की उतारावर, हा एक शब्द लिहिलात तर माझं अर्धं काम होतं.

घराण्यातलं माणूस मात्र इथंच आहे

या सगळ्या भानगडीत गंमत अशी, की कॅम्पॅन्युलाच्या कुळातलं एक झाड साताऱ्याच्या डोंगरात अगदी ठसठशीत उभं असतं आणि त्याला कुणी विचारत नाही. धवल. कुणी देवनळ म्हणतं, कुणी रानतंबाखू. शास्त्रीय नाव लोबेलिया निकोटियानिफोलिया.

पावसाळी गर्दी ओसरल्यावर, थंडीच्या दिवसांत, घाटाच्या उतारावर किंवा रानाच्या मोकळ्या कडेला बघा. माणसापेक्षा उंच, आतून पोकळ असा एकच दांडा, तंबाखूसारखी लांब पानं आणि शेंड्याला पांढऱ्या फुलांचा मोठा तुरा. फूल घंटेसारखं मुळीच नाही. नळी एका बाजूनं उभी चिरलेली, पाकळ्या दोन ओठांत विभागलेल्या आणि परागकोश एकमेकांना चिकटून झालेली राखाडी नळी वाकून पुढं आलेली. पण आमच्या खुणा लावून बघा: पाकळ्या पाच, पानं एकाआड एक, चीक आहे आणि बीजकोश काकडीसारखा खाली. परागांची रीतही घराण्याला शोभेल अशीच. परागकोशांच्या नळीतून मधली दांडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी वर सरकते आणि पराग पुढं ढकलते.

हे झाड विषारी आहे. गुरंही टाळतात. चीक डोळ्यांना लागू देऊ नका, पोकळ दांड्याची पिपाणी करून पोरांच्या तोंडात तर मुळीच देऊ नका. भातखाचरांच्या ओल्या बांधांवर याचीच बोटभर उंचीची निळी भावंडं असतात, तीही लोबेलियाच. ती शोधायला गुडघे टेकावे लागतात.

ॲप बरोबर असतं तेव्हा

दर वेळी ॲपलाच दोष देऊ नका. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या बंगल्यांच्या कुंड्यांत कॅम्पॅन्युला लावलेली असू शकते, थंडीतल्या फुलांच्या बियांमध्ये तिचं पाकीट मिळतं. तेव्हा फोटो कुंडीतला असेल तर तसं सांगा. हिमालयातल्या सहलीचा जुना फोटो असेल तर ॲप बहुधा खरं बोलतंय. फक्त तिकडे काकडी-वांग्याची परीक्षा एका ठिकाणी फसते: सायनँथस नावाचं निळं, घशात केस असलेलं फूल याच कुळातलं असूनही त्याचा बीजकोश वर असतो. आणि वेलावर लोंबणारी फिकट हिरवी घंटा हाताळल्यावर घाण वास आला तर ती कोडोनॉप्सिस, तीही याच कुळातली.

हे सगळं मी गेल्या दिवाळीत आत्याला ओट्याशी बसून समजावलं, काकडी आणि वांगं दोन्ही हातात घेऊन. तिनं मन लावून ऐकलं. डिसेंबरात ती पेट्रीच्या पुढं कुणाकडे तरी गेली होती, तिथून चार फोटो आले: जागा, पूर्ण झाड, पानांची ठेवण, फूल बाजूनं, शेजारी दहाचं नाणं. धवल होती, इतकी नीट टिपलेली की मलाही जमली नसती. खाली लिहिलं होतं, ‘‘अरे, खाली काकडी आहे बघ. पण ॲप तंबाखू म्हणतंय.’’